रत्नाक्कांचं लॉगिन

मागच्या महिन्यात बोरगावच्या मुलींच्या वसतिगृहातून फोन आला. नवीन वॉर्डन बोलत होत्या. जुन्या खजिनदार रत्नाक्कांचं लॉगिन अजून चालू दिसतंय, ऑडिटरनी ते बंद करायला सांगितलंय, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. रत्नाक्का जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते. माणूस गेलं की रेशनकार्डावरचं नाव कमी करतात, त्यातलंच हे काम, दोन बटणं दाबायचं. पण मी बेळगावजवळच्या मच्छे गावी घरी पोचलो होतो आणि बाहेर अंधार पडला होता. वॉर्डनबाईंना म्हटलं, उद्या सकाळी करतो. त्यांना वाटलं, हा नेहमीसारखी टाळाटाळ करतोय. तसं नव्हतं. दिवस मावळल्यावर रत्नाक्कांच्या हिशेबाला हात लावायची माझी अजून हिंमत होत नाही.

माझा धंदा सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. बेळगावात आमचं छोटं ऑफिस आहे. शाळा, वसतिगृहं, गोशाळा अशा संस्थांना आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देतो. त्यात हिशेब संस्थेच्या कपाटात न राहता इंटरनेटवर, कुठल्या तरी लांबच्या कंपनीच्या यंत्रांवर राहतो. अध्यक्ष निपाणीत, ऑडिटर बेळगावात, वॉर्डन बोरगावात, पण तिघांनाही तो एकाच वेळी दिसतो. दुकानाच्या हिशेबापेक्षा यात एक गोष्ट वेगळी असते. दुकानात पैसा एकदा गल्ल्यात पडला की कुठलाही खर्च त्यातून करता येतो. संस्थेत ज्यानं ज्या कामासाठी दिला त्याच कामाला तो लावावा लागतो, आणि तसा वेगळा दाखवावा लागतो. हे समजावून सांगायला मला एक अख्खी दुपार लागते. पहिल्याच भेटीत मी ते रत्नाक्कांना सांगायला बसलो, तर त्या मधेच उठल्या, कपाटातून पत्र्याचे चार डबे आणून माझ्यापुढं ठेवले आणि "ह्येच न्हवं?" म्हणाल्या.

डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. आहार, औषध, शास्त्र, अभय. जैनांमध्ये दान या चार प्रकारचं मानतात. आहार म्हणजे मुलींचं जेवण, औषध म्हणजे दवाखाना, शास्त्र म्हणजे फी आणि पुस्तकं, हे माझ्या ध्यानात आलं. अभयाच्या डब्यात काय, ते विचारलं. पोरींना भीती वाटू नये म्हणून जे करायचं ते त्यातनं, असं त्यांनी सांगितलं. कंपाउंडची भिंत, वॉचमनचा पगार, मागच्या अंगणातला दिवा. मला वाटलं, चला, माझं निम्मं काम झालं. त्या डब्यांनी पुढं मला किती घाम फोडला ते सांगतोच.

रत्नाक्का दिसायला किरकोळ होत्या. सुती लुगडं, डोक्यावर पदर, चष्म्याला दोरी. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ नाही. निपाणीच्या पोस्टात नोकरी करून निवृत्त झाल्या आणि वसतिगृहाच्या आवारातल्याच एका खोलीत राहायला आल्या. खजिनदार म्हणून पगार घेत नव्हत्या, पण दरारा पगारी माणसाला असतो त्याहून जास्त. आमच्या भागातल्या बायका बोलतात तसं त्याही 'मी येतो, मी बघतो' असंच बोलायच्या. आकडे मात्र कन्नडात मोजायच्या. ओंदू, एरडू, मूरू करत बोटं चालली असताना कुणी मधे तोंड घातलं की पहिल्यापासून मोजणं आणि त्याआधी मराठीत ओरडणं ठरलेलं. कीबोर्डवर एकेक अक्षर शोधून हळुवार टिपायच्या आणि शेवटचं बटण मात्र पोस्टाचा शिक्का मारावा तसं हाणायच्या. त्यांच्या कॉम्प्युटरचं ते बटण मी दोनदा बदललं.

आणि गूळ. टेबलाच्या खणात गुळाची ढेप, पेपरवेटनं फोडायची आणि येणाऱ्याच्या हातावर खडा ठेवायचा. त्यांच्या चहात इतका गूळ असायचा की कपाला बोटं चिकटायची. साखरेचा चहा त्यांना आजाऱ्याचा वाटायचा. मी चहा पुरा संपवत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि त्यावरून बेळगावच्या लोकांच्या एकूण प्रकृतीविषयी त्यांचं मत बनलं होतं. मला त्या नावानं कधी हाक मारत नसत. 'बेळगावकर' म्हणत.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलेला प्रश्न मला अजूनपर्यंत दुसऱ्या कुठल्या संस्थेत कुणी विचारलेला नाही. हिशेब इंटरनेटवर राहणार म्हणजे नेमका कुणाच्या घरात राहणार, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी कंपनीचं नाव सांगितलं.

"म्हंजे आपलं कपाट दुसऱ्याच्या सोप्यात," त्या म्हणाल्या. "आनि किल्ली?"

"किल्ली तुमच्याकडेच, अक्का. पासवर्ड."

"तुला आत शिरता येतंय का न्हाय?"

दुरुस्तीसाठी शिरता येतं, हे मी खरं ते सांगितलं. त्यावर थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "मग शिरताना हाक मारायची."

तेव्हापासून बोरगावच्या हिशेबात डोकवायचं असलं की मी आधी फोन करायचो. अक्का, येऊ का आत? ये, म्हणायच्या. आमच्या ऑफिसात याची यथेच्छ टिंगल झाली. मागच्या महिन्यात सकाळी ते लॉगिन बंद करायला बसलो तेव्हा सवयीनं फोन हातात घेतला आणि हाक कुणाला मारायची ते कळेना. बरंच वाईट वाटलं.

अंधाराचं प्रकरण असं. रत्नाक्का दिवस मावळायच्या आत जेवायच्या, ते त्यांच्या घराण्यात सगळेच करतात. पण जेवणाआधी त्या दिवसाचा हिशेब मिटवायचा आणि मग उजाडेपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही, हा नियम त्यांचा स्वतःचा. वहीच्या काळात वही कपाटात बंद झाली की प्रश्न मिटायचा. आता अध्यक्ष निपाणीत रात्री जेवून उठल्यावर फोनवर बसून खर्च टाकायला लागले. सकाळी अक्का बघतात तर काल मिटवलेल्या दिवसात दोन ओळी जास्त. त्यांनी मला बोलावून घेतलं. मशीनला दार नाही का, असं विचारलं. दार होतं. ठराविक वेळेनंतर कुणालाच आत येऊ द्यायचं नाही अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, बँकांसाठी केलेली. मी सहाची वेळ घालून दिली. अध्यक्ष चिडले, पण अक्कांपुढं त्यांचं काही चाललं नाही.

उन्हाळा आला तसा फोन आला. अजून ऊन अंगणात आहे आणि मशीन मला हाकलतंय, असं त्यांचं गाऱ्हाणं होतं. मशीनला सूर्य कळत नाही हे त्यांना पटत होतं, पण तुला तर कळतो ना, म्हणाल्या. मग दर थोड्या दिवसांनी मी वेळ मागंपुढं करत राहिलो. "बेळगावकर, दिवस वाढला," एवढाच फोन यायचा. ऋतू बदलल्याचं मला खिडकीतून कळायच्या आधी रत्नाक्कांकडून कळायचं.

आता डब्यांचं. आठवीतल्या एका मुलीला फळ्यावरचं दिसेना. निपाणीच्या डॉक्टरनी चष्मा सांगितला. अध्यक्ष म्हणाले, घ्या कशातनंही. कशातनंही म्हणजे कशातनं, यावर रत्नाक्कांची सकाळ गेली. चष्मा पोटात जात नाही, मग ते औषध कसं? पण वस्तू म्हणावी तर डॉक्टर कशाला लागतो? शेवटी त्यांनी डॉक्टरांनाच फोन लावून विचारलं, तुम्ही कागदावर लिहून देता ना? देतो, म्हणाले. मग औषधच. तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं की डॉक्टर भिंगांचा नंबर लिहून देतात, फ्रेमचा नाही. फ्रेम काही औषध नव्हे. मग भिंगं औषधात आणि फ्रेम शास्त्रात, कारण फ्रेमशिवाय पुस्तक वाचता येत नाही. एका चष्म्याची पावती दोन निधींत तोडून लिहायला मला बेळगावहून यावं लागलं. ऑडिटर आधी पोटभर हसले आणि नंतर नोंद बरोबर आहे म्हणाले. अक्कांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते शेवटपर्यंत समजलं नाही.

पोस्टातून त्या एक गोष्ट घेऊन आल्या होत्या. कार्ड उघडं असतं म्हणून वाचायचं नसतं. इतकी वर्षं हजारो कार्डं हातातून गेली, पत्ता सोडून त्यांनी काही वाचलं नाही, असं त्या सांगायच्या, आणि मला ते खरं वाटतं. एकदा माझा फोन त्यांच्या टेबलावर होता आणि बायकोचा मेसेज त्यावर झळकला. मी पाणी प्यायला गेलो होतो. परत आलो तर फोन पालथा घातलेला आणि वर पेपरवेट ठेवलेलं.

हे सगळं सांगितलं, कारण अशा बाईच्या हातून ते घडलं.

निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारवाल्यांच्या घरातल्या कुसुमवैनी दर चतुर्दशीला बोरगावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला यायच्या. दर्शन झालं की वसतिगृहाच्या ऑफिसात टेकायच्या. म्हशींच्या दुधाचे आणि तुपाचे पैसे रुमालात बांधून आणलेले असायचे, ते रत्नाक्कांच्या हातात द्यायच्या. पैसे सातवीतल्या प्राचीसाठी असत. प्राची ही त्यांची नात. त्यांच्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं, इचलकरंजीला संसार थाटला, आणि तेव्हापासून घरात तिचं नाव घेणं बंद झालं. कुसुमवैनींचे यजमान, आप्पा, यांनी तसं बजावलं होतं. जावई मागावर काम करायचा, पुढं तो आजारी पडला आणि मुलीला शिकवणं त्यांना जमेना. वैनी ऑफिसच्या खिडकीतून जेवणाच्या ओळीत नातीला बघायच्या, तिच्याशी बोलायच्या नाहीत. घरात कळू द्यायचं नाही एवढंच त्यांनी अक्कांकडून मागून घेतलं होतं. अक्कांनी शब्द दिला होता.

देणगीला नाव-पत्ता नसला तर ऑडिटरना चालत नाही. तो अक्कांच्या वहीत होताच. पण सॉफ्टवेअर मोबाईल नंबर घातल्याशिवाय पुढं सरकेना. वैनींकडं फोन नव्हता. मी म्हटलं, दहा शून्यं घाला, सगळ्या संस्था तसंच करतात. अक्कांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी तो विषय सोडला. नसलेला नंबर लिहायचा म्हणजे खोटी नोंद करायची. त्या घरचा नंबर तर त्यांच्याकडं होता, आप्पा दरवर्षी आहारदानाला पैसे द्यायचे त्या पावतीवरचा. घर एक, नंबर एक. त्यांच्या दृष्टीनं तो पत्त्याचाच भाग होता. पावती तर हातातच द्यायची होती, नंबर कोण बघतंय? त्यांनी खरा नंबर लिहिला.

पुढं अध्यक्षांच्या मनात आलं की देणगीदारांना तिथल्या तिथं आभाराचा मेसेज जावा. इतर संस्थांचे जातात, आपले का नाहीत? आमच्या ऑफिसातून ती सोय चालू झाली. चतुर्दशीला वैनी आल्या, पैसे देऊन गेल्या, अक्कांनी नोंद केली, बटण हाणलं. निपाणीत वखारीत बसलेल्या आप्पांचा फोन वाजला. मेसेज इंग्रजीत. आप्पांना इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांनी फोन कारकुनाकडं दिला. कारकुनानं चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवलं. बायकोचं नाव, देणगी मिळाल्याचं, आणि ती कुणाच्या शिक्षणाला लागली त्या मुलीचं पूर्ण नाव. जे आडनाव घरात कुणी उच्चारायचं नाही असं आप्पांनी ठरवलं होतं, ते त्यांच्याच वखारीत असं वाचलं गेलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा बोरगावला आले. मी तिथंच होतो, नवीन सोय नीट चालते का बघायला. उंच माणूस, डोक्याला रुमाल, आवाज बारीक. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. फोन टेबलावर ठेवून म्हणाले, "रत्नाक्का, हे खरं हाय का?"

मी घाईघाईनं मधे पडलो. नवीन सोय आहे, कधी कधी एकाचा मेसेज दुसऱ्याला जातो, मशीनची चूक असेल, असं काहीबाही सांगितलं. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना ते पटवून घ्यायचं होतं असं मला अजून वाटतं. रत्नाक्कांनी नुसतं हूं म्हटलं असतं तरी विषय तिथं संपला असता, वैनींची सुटका झाली असती. अक्का उठून उभ्या राहिल्या.

"मशीन बरोबर हाय आप्पा. वैनींनी कुणाला सांगू नका म्हटलेलं. माझ्या तोंडातनं गेलं न्हाय, पन माझ्या हातातनं गेलं. पाकिटात घालायचं ते मी कार्डावर लिवलं. राग काढायचा तर माझ्यावर काढा, वैनींवर नको."

 आप्पांनी फोन उचलला आणि गेले.

मी अक्कांवर जरा चिडलोच. एवढं खरं बोलायची काय गरज होती? त्या म्हणाल्या, आज खोटं बोलून भागलं असतं, पुढच्या चतुर्दशीला वैनी आल्या की परत बोलावं लागलं असतं, आणि आपल्याला तेवढं लक्षात राहत नाही. मग त्यांनी मला ती मेसेजची सोय त्यांच्यासमोर बंद करायला लावली. अध्यक्षांना काय सांगायचं ते मी बघतो, म्हणाल्या. शेवटी खण उघडला, गुळाची ढेप काढली आणि स्वयंपाकघरात नेऊन दिली.

त्यांच्यात असा नियम घेतात. एखादी आवडीची वस्तू सोडायची, अमुक होईपर्यंत तोंडात घालायची नाही. रत्नाक्कांनी गूळ सोडला, कुसुमवैनी परत या ऑफिसात येऊन बसेपर्यंत. कुणाला सांगितलं नाही, पण स्वयंपाकघरातल्या बायकांनी ओळखलं आणि मला सांगितलं.

पुढच्या चतुर्दशीला वैनी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. निपाणीहून कानावर आलं ते एवढंच, की आप्पा घरात काही बोलले नाहीत, पण दुधाचे पैसे आता त्यांच्या हातात जातात आणि वैनींचं बोरगाव बंद झालंय. इकडं प्राचीच्या नावापुढं देणगीदार राहिला नाही. अध्यक्ष म्हणाले, वर्ष संपेपर्यंत बघू, नाहीतर तिला आईकडं पाठवावं लागेल, बाकीच्या मुली वाट बघताहेत. ते दुष्ट नव्हते, जागाच तेवढ्या होत्या. अक्कांनी दुसऱ्या डब्यातनं उचलायचा विचारही केला नाही. आपल्या पेन्शनमधून पैसे भरले. ते लिहून घ्यायला मी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्ये दान न्हाय, दंड हाय. मशीनमंदी दंडाचा डबा हाय का?"

नव्हता. शास्त्रात घातलं.

त्या काळात त्यांचा चहा पिणं अवघड होतं. नुसतं काळं कडू पाणी. मी सुचवलं, गूळ सोडलाय तर साखर घाला की. साखर काय उसाची न्हाय व्हय, म्हणाल्या. अंगानं त्या वाळत चालल्या होत्या. गुळामुळं नसेल, वय होतं, पण मला तसं वाटायचं. येणाऱ्याच्या हातावर खडा ठेवायचा हात सवयीनं खणाकडं जायचा आणि रिकामा परत यायचा. ते बघवत नसे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं तो दिवस थंडी सरतानाचा. ऑडिटची तयारी करायला गेलो होतो. चार-साडेचारला फाटकाशी एक जीप थांबली आणि कुसुमवैनी उतरल्या. जीपमध्ये पुढं आप्पा बसलेले दिसत होते. ते उतरले नाहीत.

वैनी आत आल्या, नेहमीच्या खुर्चीवर बसल्या, रुमाल टेबलावर ठेवला.  रत्नाक्काच आधी म्हणाल्या, "वैनी, त्यो मेसेज मी त्याच दिवशी बंद करून टाकलाय. परत जानार न्हाय. आप्पांना सांगा."

वैनींनी पदरानं तोंड पुसलं. "बंद का केला म्हणून इचारत्यात," त्या म्हणाल्या. "रोज फोन काढून बगत्यात. परवा रात्री मला म्हणाले, मेसेज येत न्हाय, पोरगी हाय न्हवं तितं?"

अक्का आणि मी एकमेकांकडं बघत राहिलो.

"चालू करा म्हणत्यात," वैनी म्हणाल्या. "फकस्त मराठीत धाडा. वखारीत दुसऱ्याकडनं वाचून घ्यायला लागू नये."

मराठीची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती, कुणी वापरत नव्हतं एवढंच. मी बसलो. 'आपल्या उदार देणगीबद्दल आम्ही आपले शतशः ऋणी आहोत' असं काही तरी लिहायला लागलो, तर अक्कांनी थांबवलं. त्यातलं एक अक्षर त्यांना नको होतं. प्राचीचं शिक्षण चालू आहे, एवढं लिहायचं. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, पोरगी बरी आहे असंही त्यात लिहिता येईल का? मी म्हटलं, येईल की, कायमचंच घालून ठेवतो, दर वेळी आपोआप जाईल.

"आपोआप कसं?" त्या म्हणाल्या. "मशीनला काय ठाव पोरगी बरी हाय का न्हाय?"

त्या उठून व्हरांड्यात गेल्या. मागच्या अंगणात मुली दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. प्राची दुसऱ्या एका मुलीच्या डोक्यावर चादर टाकून हसत होती. अक्का तिला नीट निरखत उभ्या राहिल्या. वैनी त्यांच्या मागं जाऊन उभ्या होत्या. मग अक्का आत आल्या आणि खुर्चीवर बसून म्हणाल्या, "लिव. बरी हाय."

मी लिहिलं. शेवटचं बटण त्यांनी मारलं, शिक्क्यासारखं.

फाटकाशी फोन वाजला तो आम्हाला ऐकू आला. आप्पांनी चष्मा शोधला, लावला. फोन लांब धरला, जवळ आणला. दोन ओळी वाचायला एवढा वेळ लागत नाही. मग फोन शर्टाच्या आतल्या बंडीच्या खिशात ठेवला आणि समोर बघत बसून राहिले. वैनी जाऊन शेजारी बसल्या. जीप निपाणीकडं गेली.

त्यानंतर दर चतुर्दशीला रत्नाक्का आधी व्हरांड्यात जायच्या आणि मग ती ओळ लिहायच्या, असं मला फोनवर कळायचं. एकदा प्राचीला ताप होता तर त्यांनी ताप आहे, उतरतोय, असं लिहिलं. आप्पा त्या दिवशी फाटकापर्यंत येऊन चौकशी करून गेले. अजून आत आलेले नाहीत. लॉगिन बंद केलं तेव्हा नवीन वॉर्डनबाईंना मी एकच गोष्ट सांगितली, की ती ओळ लिहायच्या आधी व्हरांड्यात जाऊन मुलीला बघून या. बाईंनी का म्हणून विचारलं. मी म्हटलं, इथली पद्धत आहे.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. जीप गेल्यावर मी पिशवी भरत होतो. अक्कांनी स्वयंपाकघरात हाक मारून गुळाची ढेप मागवली. मग मला म्हणाल्या, "बेळगावकर, दिवस हाय न्हवं अजून?"

मी बाहेर पाहिलं. आहे, म्हटलं. त्यांनी पेपरवेट उचललं आणि ढेप फोडली. मोठा खडा माझ्या हातावर ठेवला. मागं स्क्रीनवर वेळ संपल्याची पाटी आली आणि हिशेब आपोआप मिटला, तिकडं त्यांनी बघितलंही नाही. माझी बस होती, मी निघालो. फाटकाशी वळून पाहिलं तर त्या पायरीवर बसल्या होत्या, डोळे मिटून, गाल फुगवून गूळ चघळत. अंगणात अजून ऊन होतं.